'एव्हरीवन'पासून 'पब्लिक'पर्यंत : फेसबुकवरील वाचकवर्ग-निवडीचा इतिहास

प्रस्तुत लेखास निमित्त झाली ती एक प्रबंधिका. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने आधुनिक मराठीतील संबोधनरूपांचा अभ्यास योजिला व त्यासाठी फेसबुकवरील काहीशे वाक्ये जमवून ती मजकडे तपासणीस आणली. 'अरे', 'अगं', 'मंडळी', 'मित्रहो', 'लोकहो' या रूपांचे वर्गीकरण नेटके होते. प्रत्येक वाक्यापुढे लिहिणाराचे वय, लिंग, गाव आणि दिनांक यांची नोंद होती. मात्र ते वाक्य कोणाकोणास दिसावे म्हणून लिहिले गेले, याविषयी एक अक्षरही नव्हते. विचारणा करता "सगळी फेसबुकवरचीच आहेत" असे उत्तर मिळाले. एखाद्या जुन्या पत्राविषयी "ते टपालातून आले" एवढेच सांगावे, त्यातला हा प्रकार. टपालातून उघडे कार्डही येते आणि लाखेने बंद केलेला लिफाफाही येतो.

संबोधनाचा अभ्यास करावयाचा आणि संबोधित कोण हे पाहावयाचे नाही, ही चूक त्या विद्यार्थ्याची एकट्याची नव्हे. ज्या यंत्रणेतून ही वाक्ये येतात तिच्यात वाचकवर्ग ठरविण्याची सोय आरंभापासून आजच्या रूपात नव्हती. ती टप्प्याटप्प्याने, पुष्कळदा कलहातून, आणि एकदा तरी उलट्या दिशेने घडत गेली आहे. त्या घडणीचा वृत्तांत ठाऊक नसेल, तर २००८ सालचे वाक्य आणि २०१५ सालचे वाक्य एकाच मापाने मोजले जाते. म्हणून या वृत्तांताची मांडणी येथे करीत आहे.

तत्पूर्वी दोन संकल्पनांचे स्मरण करून देणे अवश्य आहे. अर्व्हिंग गॉफमन याने १९७९ साली 'फूटिंग' या निबंधात असे दाखविले की, 'वक्ता' व 'श्रोता' ही जोडी फार ढोबळ आहे. ऐकणारांत काहींना संभाषणात अधिकृत स्थान असते, काही केवळ कानांवर शब्द पडले म्हणून ऐकत असतात. पुढे १९८४ साली ॲलन बेल याने 'लँग्वेज इन सोसायटी' या नियतकालिकात श्रोत्यांची चार वर्तुळे कल्पिली : ज्यास उद्देशून बोलणे चालले आहे तो संबोधित; संभाषणात सामील असलेला, परंतु थेट संबोधित नसलेला श्रोता; जवळ आहे हे वक्त्यास माहीत आहे, पण संभाषणात सामील नाही असा उपश्रोता; आणि ज्याच्या अस्तित्वाचा वक्त्यास पत्ताच नाही असा आडून ऐकणारा. बेलचा पुरावा न्यूझीलंडच्या नभोवाणीतला होता. तेच वृत्तनिवेदक दोन वेगळ्या केंद्रांवरून बातम्या वाचताना स्वरमध्यस्थ 'ट'काराचा उच्चार बदलीत; विषय तोच, निवेदक तोच, बदले ते केवळ ऐकणारे. भाषाशैली ही मुख्यतः श्रोत्याला दिलेला प्रतिसाद असते, हा त्याचा निष्कर्ष. फेसबुकचा इतिहास म्हणजे या चार वर्तुळांमधील भिंती कोणी, केव्हा व कोठे हलविल्या याचा इतिहास होय.

४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठात ही यंत्रणा सुरू झाली, तेव्हा वाचकवर्ग निवडण्याचा प्रश्न फारसा नव्हता, कारण तो संस्थेनेच निवडून ठेवलेला होता. विद्यापीठाचा विद्युत्पत्ता असल्यावाचून प्रवेश नसे. आणि एखाद्याचे माहितीपृष्ठ सामान्यतः त्याच्या विद्यालयातील सर्वांस व त्याने मान्य केलेल्या मित्रांस दिसे. स्टॅनफर्ड, कोलंबिया, येल ही विद्यापीठे लवकरच सामील झाली. सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांस प्रवेश मिळाला. तरीही रचना आवारांचीच राहिली. या आवाराला तेथे 'नेटवर्क' म्हणत. छात्रावासातील सूचनाफलकावर लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण हे जसे न विचारता कळते, तसे तेथे कळत असे.

सप्टेंबर २००६ या एका महिन्यात दोन घटना घडल्या. २६ तारखेस तेरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीस प्रवेश खुला झाला. परंतु आमच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची घटना ५ तारखेची : त्या दिवशी 'न्यूज फीड' अवतरले. त्यापूर्वी मित्राने काय लिहिले हे पाहावयाचे तर त्याच्या पृष्ठावर जावे लागे. आता ते आपोआप समोर येऊन उभे राहू लागले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशी कोणाचाही वाचकवर्ग कागदोपत्री एका माणसानेही वाढला नव्हता. ज्यांना पाहण्याचा अधिकार काल होता त्यांनाच तो आज होता. असे असूनही विरोध उसळला. खुद्द फेसबुकवरच स्थापन झालेल्या निषेधगटाचे सभासद काही दिवसांतच काही लक्षांवर गेले, आणि ८ सप्टेंबर रोजी मार्क झुकरबर्ग यास जाहीर क्षमायाचना करून काही नियंत्रणे उपलब्ध करून द्यावी लागली.

हा विरोध निराधार भावनेचा होता, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. माझे मत निराळे आहे. पाहण्याचा अधिकार असणे आणि पाहिले जाणे यांत जे अंतर होते तेच अंतर वापरणाऱ्यांच्या भाषेचा आधार होते. वाड्यातल्या चौकात मोठ्याने बोलले तर माडीवरच्या बिऱ्हाडास ऐकू जाऊ शकते हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून कोणी प्रत्येक वाक्य माडीवर नेऊन पोहोचवीत नाही. बेलच्या परिभाषेत बोलावयाचे तर, न्यूज फीडने उपश्रोत्यांना एका रात्रीत श्रोत्यांच्या वर्तुळात आणून बसविले. दोन वर्षांनी, २००८ साली, डॅना बॉइड या संशोधिकेने या प्रसंगाचे जे विवेचन केले त्याचाही रोख हाच होता : माहिती उपलब्ध असणे आणि ती सुलभपणे समोर येणे या भिन्न गोष्टी आहेत.

नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या 'बीकन' या योजनेचा येथे ओझरताच उल्लेख पुरे. अन्य संकेतस्थळांवर केलेल्या खरेदीची वार्ता मित्रांस कळविणारी ही योजना न्यायालयीन दाव्यानंतर २००९ मध्ये बंद पडली. तीत माणसाने काही लिहिलेलेच नसे; म्हणून भाषाभ्यासकास तिच्यात पाहण्यासारखे थोडे आहे.

खरा संधिकाल डिसेंबर २००९ हा होय. तोपर्यंत सभासदसंख्या ३५ कोटींवर गेली होती, आणि विद्यालयांच्या आवारांबरोबर प्रादेशिक आवारेही निर्माण झाली होती. त्यांतील काही तर संपूर्ण देशाएवढी मोठी. 'माझ्या आवारातील सर्वांस' ही मर्यादा कोट्यवधी लोकांना लागू होत असेल, तर ती मर्यादा कसली? म्हणून १ डिसेंबरच्या प्रकट पत्रात प्रादेशिक आवारे रद्द करण्याची घोषणा झाली, व तिच्या जागी प्रत्येक पोस्टगणिक वाचकवर्ग निवडण्याची सोय देण्यात आली. ही सोय मूलगामी होती. वाचकवर्ग हा आतापावेतो लिहिणाराचा स्थायी गुणधर्म होता. आता तो प्रत्येक उक्तीचा गुणधर्म झाला. भाषाशास्त्रज्ञाला याहून अधिक काय हवे असते?

पण त्याच आठवड्यात दुसऱ्या हाताने काही काढूनही घेतले गेले. ९ डिसेंबरपासून सभासदांपुढे जे संक्रमणपत्रक ठेवण्यात आले, त्यात ज्यांनी पूर्वी स्वतः काही बदल केला नव्हता अशांस 'एव्हरीवन', म्हणजे 'सर्वजण', हा पर्याय पूर्वनिवडित स्वरूपात सुचविला होता. पुढचे बटण दाबीत गेलेला माणूस नकळत सर्व जगाशी बोलू लागे. शिवाय नाव, छायाचित्र, शहर, मित्रांची यादी इत्यादि माहिती सर्वांस खुली म्हणून घोषित झाली. मित्रयादी लपवून ठेवणाऱ्यांचीही यादी उघडी पडली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०११ मध्ये जी तडजोड घडवून आणली, तिच्या आरोपपत्रात या बदलाचा स्पष्ट उल्लेख आहे. मे २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोजदाद केली तेव्हा ५० नियंत्रणे व त्यांत १७० हून अधिक पर्याय आढळले. गोपनीयतेचे धोरणपत्र ५,८३० शब्दांचे, म्हणजे दुरुस्त्या वगळता अमेरिकेच्या राज्यघटनेहून लांब निघाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सुलभीकरण करावे लागले.

२०११ च्या जूनमध्ये गूगलने आपली 'गूगल प्लस' ही यंत्रणा आणली. तिच्यात 'मित्र' हा एकच ढीग नसून ओळखीच्या माणसांची निरनिराळी वर्तुळे करावयाची होती. कल्पना शास्त्रशुद्ध होती, बेलच्या आकृतीशी तिचे साम्यही होते. परंतु नातेसंबंधांची नोंदवही रोज लिहीत बसण्याचा उत्साह लोकांना नसतो. सामान्य सभासदांसाठी ती यंत्रणा एप्रिल २०१९ मध्ये बंद झाली. तिचा परिणाम मात्र प्रतिस्पर्ध्यावर झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. कारण दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, फेसबुकने वाचकवर्गाची निवड दूरच्या नियंत्रणपृष्ठावरून उचलून लिहिण्याच्या चौकटीलगतच आणून ठेवली. पृथ्वीगोल म्हणजे सर्वांस, दोन मानवाकृती म्हणजे मित्रांस, कुलूप म्हणजे केवळ स्वतःस, अशी चिन्हे रूढ झाली. याच वेळी 'एव्हरीवन' हे नाव जाऊन त्या जागी 'पब्लिक' आले.

हा शब्दबदल वरवर पाहता किरकोळ वाटेल. तो तसा नाही. 'सर्वजण' हे सर्वनाम संदर्भानुसार आकुंचन पावते. "सर्वजण जेवले का?" या प्रश्नात गावातील सर्वजण अभिप्रेत नसतात. त्यामुळे 'एव्हरीवन' निवडणाऱ्या माणसाच्या मनात 'माझ्या ओळखीचे सर्वजण' एवढाच अर्थ उमटणे अगदी स्वाभाविक होते. 'पब्लिक' या शब्दाला असे आकुंचन सहसा होत नाही. मराठीत मात्र येथे वेगळीच अडचण उभी राहते. 'पब्लिक'साठी 'सार्वजनिक' हा शब्द आपण सहज योजतो, आणि त्यामागे १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा व १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव यांची परंपरा उभी असते. आपल्याकडे जे सार्वजनिक ते सर्वांच्या मालकीचे, वर्गणीचे, निमंत्रणाचे असते. आपल्या अंगणातल्या बोलण्याला कोणी 'सार्वजनिक' म्हणत नाही, ते रस्त्यावरून जाणाऱ्यास ऐकू गेले तरीही. फेसबुकच्या पर्यायात अभिप्रेत असलेला अर्थ, म्हणजे उघड केलेले, कोणासही कळण्याजोगे, हा आपल्या 'जाहीर' या अरबी मूळच्या शब्दात अधिक नेमका उतरतो. जाहीर नोटीस, जाहीर कबुली हे प्रयोग पाहावेत. उलट बाजूस 'खासगी' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. मराठेशाहीतील 'खासगी' म्हणजे गुप्त नव्हे, तर राज्यकर्त्याच्या घराण्याच्या स्वतःच्या मालकीचा विभाग. होळकरांची खासगी जहागीर सर्वश्रुत आहे. त्या अर्थाने खासगीचा प्रश्न 'कोणास दिसते' हा नसून 'हुकूम कोणाचा चालतो' हा होता. आजच्या चर्चेतही हाच प्रश्न मुळाशी आहे, असे मला वाटते. असो.

हुकूम कोणाचा चालतो हे पाहावयाचे तर चौकटीबाहेरच्या तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली, एकदा केलेली निवड पुढील पोस्टीसही चिकटून राहते. सोमवारी सर्वांसाठी लिहिलेल्या निवेदनाचा पृथ्वीगोल मंगळवारच्या घरगुती गाऱ्हाण्यावरही तसाच असू शकतो. दुसरी, मित्रांपुरत्या पोस्टीत एखाद्याचे नाव जोडले की, सामान्यतः त्याचे मित्रही वाचकवर्गात दाखल होतात. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित : दुसऱ्याच्या पोस्टीखाली आपण अभिप्राय लिहितो त्या अभिप्रायाचा वाचकवर्ग आपल्या हाती नसतो; तो मूळ लेखकाच्या हाती असतो आणि तो पुढे केव्हाही बदलू शकतो.

नोव्हेंबर २०१२ मधील पालघरचे प्रकरण महाराष्ट्रातील वाचकांस आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर रोजी निधन झाल्यावर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीच्या एका नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. कायद्याच्या अंगाने हे प्रकरण सर्वज्ञात आहे : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ, त्यानंतरची श्रेया सिंघल यांची याचिका, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द करणे. भाषाभ्यासकाने पाहावयाचे ते वेगळे आहे. दुसऱ्या तरुणीने एक शब्दही उच्चारला नव्हता. पसंतीची खूण ही तोंडी संभाषणातील हुंकारासारखी. ती ऐकणाऱ्याची क्रिया आहे, बोलणाऱ्याची नव्हे. पण फेसबुकच्या रचनेत हुंकार देणारा माणूस त्या उक्तीचा वाहकही होतो, कारण ज्यांस मूळ पोस्ट पाहण्याची मुभा आहे अशा त्याच्या मित्रांपुढे ती त्याच्या नावानिशी येऊ शकते. पोलीस यंत्रणेने श्रोत्यास वक्ता मानले यात अन्याय होता हे तर खरेच. पण यंत्रणेच्या रचनेतच ती सीमा आधी पुसट झालेली होती.

लिहिणाऱ्यास आपल्या वाचकांचा अंदाज कितपत असतो, याचे मापन २०१३ साली प्रसिद्ध झाले. मायकेल बर्नस्टीन व त्याच्या सहकाऱ्यांनी २,२२,००० सभासदांच्या पोस्टींच्या एका महिन्याच्या नोंदी तपासल्या. लोक आपल्या वाचकांचा आकडा प्रत्यक्षाच्या अवघा २७ टक्के धरतात, असे त्यांना आढळले. वस्तुतः एका महिन्यात सामान्य सभासद आपल्या ६१ टक्के मित्रांपर्यंत पोहोचत होता. पसंती व अभिप्राय देणारे तेवढे दिसतात; वाचून मुकाट्याने पुढे जाणारे दिसत नाहीत. या अभ्यासाचे काही लेखक फेसबुकच्याच सेवेत होते, ही गोष्ट त्याच्या मर्यादा ठरविताना ध्यानी ठेवावी, पण आकडे टाकून देण्याचे ते कारण नव्हे. असल्या नोंदी बाहेरच्या संशोधकास मिळणे दुरापास्तच आहे.

२२ मे २०१४ रोजी नव्या सभासदांसाठी पूर्वनिवडित पर्याय 'पब्लिक'वरून 'फ्रेंड्स'वर आणण्यात आला. मित्रांपुरते सांगावयाचे ते चुकून सर्वांस सांगितले जाणे हे याच्या उलट होण्यापेक्षा कितीतरी वाईट, अशी कबुली त्या घोषणेत होती. साडेचार वर्षांपूर्वी नेमके उलटे सुचविणाऱ्या कंपनीकडून ती यावी, याची नोंद इतिहासकाराने घेतली पाहिजे. आणि ही कबुलीही यंत्रदोषापासून रक्षण करू शकली नाही : १८ ते २७ मे २०१८ या काळात एका दोषामुळे सुमारे १ कोटी ४० लक्ष सभासदांना नव्या पोस्टीसाठी 'पब्लिक' हाच पर्याय सुचविला जात होता. त्या दहा दिवसांतील पोस्टींच्या आधारे कोणी शैलीचा अभ्यास करीत असेल, तर त्याने हे टिपण अवश्य जवळ ठेवावे.

आता पुन्हा संशोधनाकडे वळू. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील काही समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयातील १,६४० विद्यार्थ्यांच्या फेसबुक पृष्ठांची माहिती, नावे गाळून, अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केली. महाविद्यालयाचे नाव दिले नव्हते. तरी ते हार्वर्ड असल्याचे लवकरच उघडकीस आले आणि माहिती मागे घ्यावी लागली. मायकेल झिमर याने २०१० साली या प्रकरणाची जी चिकित्सा केली, तिच्यातील एक मुद्दा मला सर्वांत बोचतो. माहिती गोळा करणारे साहाय्यक त्याच महाविद्यालयातील असल्याने केवळ त्या आवारापुरती खुली असलेली पृष्ठेही त्यांस दिसत होती. विद्यार्थ्यांनी लिहिले ते सहाध्यायांसाठी. वाचले ते सहाध्यायाच्या डोळ्यांनी संशोधनाने. आमच्या विद्यार्थ्याचे तरी काय वेगळे होते? त्याला ती वाक्ये दिसली ती संशोधक म्हणून नव्हे, मित्र म्हणून.

आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने या भेदास कायद्याचे रूप दिले आहे. व्यक्तीने स्वतः होऊन जाहीररीत्या उपलब्ध केलेली माहिती त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवली असून समाजमाध्यमावरील लेखनाचेच उदाहरण तेथे दिले आहे. संशोधनास काही अटींवर वेगळी सवलतही आहे. तथापि कायदा परवानगी देतो एवढ्यावरून काम निर्दोष ठरत नाही. वर वर्णिलेला इतिहास पाहता पृथ्वीगोल हा लिहिणाराच्या इच्छेचा पुरावा आहे, असे कित्येक वर्षांच्या बाबतीत म्हणताच येत नाही.

त्यात आणखी एक पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. वाचकवर्ग मागाहून बदलता येतो. २०११ पासून तर जुन्या सर्व पोस्टी एका आज्ञेने मित्रांपुरत्या करून टाकण्याची सोय आहे. मजकुरातील फेरफारांचा पूर्वेतिहास वाचकास पाहता येतो, वाचकवर्गातील फेरफारांचा येत नाही. म्हणजे आज कुलूप वा मानवाकृती दिसते ती आजची. वाक्य लिहिताना तेथे काय होते हे हस्तलिखितावरील खोडलेल्या ओळीइतकेही उरत नाही. यावर मला उपाय दिसतो तो एकच, आणि तो कष्टाचा आहे : लिहिणाऱ्यास विचारणे.

विद्यार्थ्याने तसे केले. प्रथम प्रत्येक वाक्याशेजारील चिन्ह नोंदविले, तेव्हा 'मित्रहो' व 'लोकहो' बहुतांशी पृथ्वीगोलाजवळ आणि 'अरे', 'अगं' मानवाकृतींजवळ असल्याचे दिसून आले. ज्यास तो व्यक्तिगत लकब समजत होता ती बरीचशी श्रोत्यांनुसार केलेली निवड होती. नंतर मित्रांपुरत्या वाक्यांच्या लेखकांस त्याने पत्रे लिहिली. काहींनी उत्तर दिले नाही; ती वाक्ये त्याने गाळली. बहुतेकांनी आनंदाने संमती दिली. एका विवाहित स्त्रीने मात्र कळविले की, ते वाक्य तिने शाळेतल्या मैत्रिणींसाठी लिहिले होते, सासरची मंडळीही यादीत आहेत हे तिच्या ध्यानात नव्हते. वाक्य छापण्यास तिची हरकत नाही, पण त्यातील 'अगं' तेवढा काढावा. संग्रहात ते वाक्य घेतले होते ते त्या 'अगं'साठीच. विद्यार्थ्याने ते वगळले.